न वाचलेले एकोणिसावे शतक

तृतीय वर्ष कलाशाखेच्या वर्गात मराठी कादंबरीच्या आरंभकाळावरचा तास चालू होता. फळ्यावर तीन नावे लिहिली होती. 'यमुनापर्यटन' (१८५७), 'मुक्तामाला' (१८६१) आणि 'मोचनगड' (१८७१). तास संपता संपता मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, यमुना शेवटी काय करते?" आमच्यापैकी ज्याचा तो तास होता, त्याने उत्तर दिले की ती ख्रिस्ती धर्म स्वीकारते आणि पुनर्विवाह करते. मुलीने पुन्हा विचारले, "पण का?" या प्रश्नाचे उत्तर टिपणांत नव्हते. वाङ्मयेतिहासाच्या ज्या चार ओळींवर तो तास वर्षानुवर्षे उभा होता, त्यांतही नव्हते. कादंबरीत ते असणार हे उघड होते. आणि कादंबरी वाचलेली नव्हती.

त्या संध्याकाळी आम्ही तिघे एकत्र बसलो आणि एक अप्रिय काम केले. आपण वर्गात ज्यांची नावे घेतो, ज्यांच्यावर प्रश्नपत्रिका काढतो आणि उत्तरपत्रिका तपासून गुण देतो, त्यांतील कोणती पुस्तके आपण पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेली नाहीत, याची यादी केली. तिघांचीही नोकरी पंधरा वर्षांच्या पुढची आहे. तिघांनीही एम.ए.ला मराठी घेतले, ते या विषयाच्या ओढीने. तरीही यादी लांबत गेली. यांतील बरीच पुस्तके आमच्या घरच्या कपाटांतच होती. प्रदर्शनांत सवलतीने घेतलेली, निवृत्त होणाऱ्या ज्येष्ठांनी दिलेली, आणि त्या दिवसापासून तशीच उभी असलेली. अखेर बारा पुस्तकांवर आम्ही थांबलो आणि जून ते मे अशा एका शैक्षणिक वर्षात ती संपवण्याचा संकल्प सोडला. प्रस्तुत लेख त्या संकल्पाचा वृत्तान्त आहे. पण त्या निमित्ताने जो प्रश्न समोर आला, तो आमच्या आळसापेक्षा मोठा आहे असे वाटल्यामुळे तो येथे मांडतो आहोत.

यादी अशी होती : बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' (१८५७) आणि त्यांचे आत्मचरित्र 'अरुणोदय' (१८८८), लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' (१८६१), गोविंद नारायण माडगावकरांचे 'मुंबईचे वर्णन' (१८६३), नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' (१८६८), रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची 'मोचनगड' (१८७१), विष्णुशास्त्री चिपळूणकरांची संपूर्ण 'निबंधमाला' (१८७४-८१), विनायक कोंडदेव ओक यांची 'शिरस्तेदार' (१८८१), ताराबाई शिंदे यांची 'स्त्रीपुरुषतुलना' (१८८२), हरिभाऊ आपट्यांची पहिली कादंबरी 'मधली स्थिती' (१८८५), काशीबाई कानिटकरांची 'रंगराव' (पुस्तकरूपाने १९०३) आणि गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' (लेखन १८८३, प्रकाशन १९०७).

नियम चार केले. पुस्तक प्रस्तावनेसकट वाचायचे. वाचून होईपर्यंत त्यावरचे समीक्षालेखन उघडायचे नाही. वाचायला घेतल्याची आणि संपल्याची तारीख वहीत लिहायची. आणि बारा पुस्तके होईपर्यंत नवे पुस्तक विकत घ्यायचे नाही. चौथा नियम पहिल्या दोन महिन्यांतच मोडला, हे आधीच सांगून टाकलेले बरे.

२

वही घालून, तारखा मांडून वाचण्याची ही रीत आम्हांला प्रथम जरा पोरकट वाटली. पण थोडा विचार केल्यावर लक्षात आले की आपल्याकडे वाचनाचा संकल्प ही गोष्ट नवी नाही. पारायण म्हणजे दुसरे काय? 'गुरुचरित्रा'चा सप्ताह म्हणजे सात दिवसांत ग्रंथ पुरा करण्याची बांधणी. कोणत्या दिवशी कोणत्या अध्यायापर्यंत यायचे हे ठरलेले. 'दासबोधा'चे वीस दशक, प्रत्येक दशकात दहा समास. रोज एक समास वाचणाऱ्याचे दोनशे दिवस होतात. चातुर्मासात पोथी लावण्याची चाल घराघरांत होती. वाचणारा एक आणि ऐकणारे अनेक. ज्याला अक्षरओळख नाही त्याचाही ग्रंथ 'होत' असे. ग्रंथ 'वाचला' असे न म्हणता ग्रंथ 'झाला' असे म्हणण्याची आपली लकब या सामुदायिक वाचनातून आलेली असावी.

या परंपरेची एक बाजू सहसा वाखाणली जाते आणि दुसरी सहसा हिणवली जाते. वाखाणली जाते ती निष्ठा, आणि हिणवला जातो तो यांत्रिकपणा. ओव्या जिभेवरून जातात, डोक्यात काही राहत नाही, हा आक्षेप आपण सगळ्यांनी ऐकलेला आहे, विद्यार्थिदशेत हिरिरीने केलेलाही आहे. परंतु याच परंपरेत शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी 'ज्ञानेश्वरी'ची पाठशुद्धी केली. तीन शतके हातोहात फिरलेल्या ग्रंथात पाठभेद शिरले होते. ते निवडून शुद्ध प्रत सिद्ध करायची तर अनेक प्रती समोर ठेवून ओवीगणिक थांबावे लागले असणार. पुढच्यांनी या ग्रंथात आपली ओवी घालू नये, अशी ताकीदही त्यांनी देऊन ठेवली. म्हणजे ज्या परंपरेवर आपण यांत्रिक वाचनाचा आरोप करतो, तिनेच मराठीतील पहिला मोठा चिकित्सक वाचक दिला. नुसते पारायण आणि पाठशुद्धी यांच्यातले अंतर आम्हांला या वर्षभरात फार जवळून कळले, त्याविषयी पुढे.

छपाई आल्यावर चित्र पालटले. श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनी मराठी छापायला सुरुवात केली. १८१४ साली तेथून 'सिंहासनबत्तिशी' निघाली. मुंबईत गणपत कृष्णाजींच्या छापखान्यातून १८३१ साली पंचांग निघाले. ग्रंथ एकेकाने घरी बसून वाचायची वस्तू होऊ लागली. मेजर कँडी यांनी इंग्रजी विरामचिन्हे मराठीत रुजवली, ती याच नव्या, मूक वाचकासाठी. वाचनालये निघाली, पुण्याचे नेटिव्ह जनरल लायब्ररी १८४८ चे. पुस्तकांची संख्या वाढली तशी सरकारला मोजदाद करावीशी वाटली आणि १८६७ च्या कायद्याने छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद सक्तीची झाली. त्या तिमाही याद्यांत ग्रंथाचे नाव, कर्ता, भाषा, पृष्ठे, किंमत आणि छापलेल्या प्रती यांचे रकाने असत. किती प्रती वाचल्या गेल्या, याचा रकाना अर्थातच नव्हता. पुढे शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची एकहाती म्हणावी अशा चिकाटीने सिद्ध केली. ती चाळताना प्रत्येक वेळी छाती दडपते. त्या नोंदींतील किती पुस्तकांना आज एखादा तरी वाचक आहे?

३

मराठीतील न वाचलेल्या पुस्तकांचा इतिहास लिहायचा झाला तर त्याची तीन प्रकरणे करावी लागतील असे आम्हांला वाटते.

पहिले प्रकरण, जे छापलेच गेले नाही त्याचे. महात्मा फुले यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक १८५५ साली लिहून दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवले. कमिटीने ते नाकारले. ते छापून यायला १९७९ साल उजाडावे लागले. सव्वाशे वर्षे मराठी नाटकाचा इतिहास या नाटकावाचून लिहिला, शिकवला आणि पाठ केला गेला. याच फुल्यांना १८८५ साली ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण गेले, तेव्हा माणसांचे मूलभूत हक्क न मानणाऱ्यांच्या सभेशी आणि त्यांच्या पुस्तकांशी आमच्या पुस्तकांचा मेळ बसणार नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. त्या पत्रावर आपण वर्गात बोलतो ते सामाजिक अंगाने. पण कोणाची पुस्तके वाचली जातात आणि कोणाची कपाटाबाहेर राहतात, हा प्रश्नही त्यात आहे.

दुसरे प्रकरण, जे छापले गेले पण विसरले गेले त्याचे. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेवर भ्रूणहत्येचा खटला झाला आणि वर्तमानपत्रांतून स्त्रियांच्या चारित्र्यावर तोंडसुख घेतले गेले. त्याला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिली. ती १८८२ साली पुण्यात छापली गेली. फुल्यांनी 'सत्सार'मध्ये १८८५ साली तिची बाजू घेतली. पुढे जवळजवळ शांतता. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ती पुन्हा प्रकाशात आणली, तेव्हा कुठे मराठीच्या अभ्यासकांना तिचा परिचय झाला. मधल्या नव्वद वर्षांत निबंध या वाङ्मयप्रकाराविषयी जे काही लिहिले गेले, त्यात चिपळूणकरांच्या भाषेचा दरारा आहे. ताराबाईंच्या भाषेचा मागमूस नाही. आम्ही या वर्षी दोन्ही गद्ये लागोपाठ वाचली. चिपळूणकर वाक्य बांधत नेतात. ताराबाई समोरच्याला उभे करून जाब विचारतात आणि उत्तराची वाट न पाहता पुढचा प्रश्न टाकतात. त्यांच्या लेखनात घरातली बोली, म्हणी, टोमणे, शास्त्रांची उलटतपासणी हे सारे एका दमात येते. मराठी निबंधाची जी व्याख्या आम्ही पंधरा वर्षे सांगत आलो, तिच्यात हे गद्य बसत नाही. व्याख्या बनवणाऱ्यांनी ते पाहिलेच नव्हते, हे त्याचे साधे कारण.

'माझा प्रवास'ची गोष्ट या दोन प्रकरणांच्या मध्ये कुठेतरी बसते. गोडसे भटजींनी १८५७ च्या धामधुमीतून केलेल्या प्रवासाची ही हकिकत चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केली, पण हात फिरवून. मूळ हस्तलिखितावरून ती दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली छापली. म्हणजे सुमारे साठ वर्षे मराठी वाचक जे पुस्तक आवडीने वाचत होता, ते भटजींनी लिहिलेले तंतोतंत पुस्तक नव्हते. वाचले, तरी न वाचलेलेच राहिले.

तिसरे प्रकरण सर्वांत विचित्र, आणि ते आमचे आहे. ज्यांची नावे प्रत्येक अभ्यासक्रमात आहेत, प्रत्येक वाङ्मयेतिहासात आहेत, स्पर्धा परीक्षांच्या एकगुणी प्रश्नांत आहेत, आणि तरीही जी कोणी वाचत नाही, अशा पुस्तकांचे ते प्रकरण. आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील 'यमुनापर्यटन'च्या प्रतीला मागे चिकटवलेल्या चिठ्ठीवर तारखेचे दोनच शिक्के होते. दोन्ही आमच्या नोकरीच्या आधीचे. या प्रकारच्या पुस्तकांना विस्मृतीचा धोका नसतो. त्यांच्याविषयीचे मत इतके पक्के असते की ती उघडण्याची गरजच कोणाला वाटत नाही.

४

'यमुनापर्यटन' वाचायला घेतले ते वर्गातल्या त्या 'का'चे उत्तर शोधायला.

'पहिली मराठी कादंबरी', 'प्रचारकी', 'विधवांची दुःस्थिती', 'वास्तवाचे भान' या चार शब्दप्रयोगांत हे पुस्तक आम्ही आजवर संपवत होतो. विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा. पुस्तक त्यानंतर वर्षभराने आलेले. मिशनच्या शाळेत शिकलेली यमुना आणि तिचा नवरा विनायक प्रवासाला निघतात आणि ठिकठिकाणी त्यांना विधवा भेटतात. प्रत्येकीची हकिकत वेगळी. हा सांगाडा आम्हांला माहीत होता. माहीत नव्हते ते हे, की पुस्तकाच्या पूर्वार्धात यमुना ऐकणारी आहे. ती दुसऱ्यांचे दुःख ऐकते, हळहळते, नवऱ्याशी त्यावर बोलते. मग विनायक मरतो. आणि ज्या हकिकती ती ऐकत आली, त्यांतलीच एक ती स्वतः होते. जे केशवपन तिने ऐकले आणि पाहिले, त्याचा प्रसंग तिच्यापुढे येतो. मुलीने विचारलेल्या 'का'चे उत्तर येथे आहे. यमुनेचे धर्मांतर लेखकाच्या श्रद्धेने घडवून आणले आहे, यात शंका नाही. बाबा पदमनजी १८५४ साली स्वतः ख्रिस्ती झाले होते आणि आपली भूमिका ते लपवत नाहीत. परंतु ज्या बाईने इतक्या जणींच्या कहाण्या कानांनी ऐकल्या आहेत, तिला आपल्यापुढे काय वाढून ठेवले आहे हे पुरते कळते. तिचा निर्णय या ऐकण्यातून आलेला आहे. 'प्रचारकी' या एका शब्दाने ही रचना झाकली जाते.

आणखी एक गोष्ट वाचल्याशिवाय दिसली नसती. वाटेत एकामागून एक कहाणी भेटत जाण्याची ही पद्धत मराठी वाचकाला 'सिंहासनबत्तिशी'पासून ओळखीची होती. दुसरीकडे, प्रवासाच्या शेवटी श्रद्धेपर्यंत पोचण्याची कल्पना बन्यनच्या ग्रंथाच्या हरि केशवजींनी केलेल्या 'यात्रिकक्रमण' (१८४१) या भाषांतरातून मराठीत आलेली होती. 'यमुनापर्यटन'मध्ये या दोन्ही वाटा एकत्र येतात असे आम्हांला वाटले. हा आमचा तर्क आहे. तो अधिक तपासून पाहण्याजोगा आहे.

भालचंद्र नेमाडे यांनी 'मराठी कादंबरी : प्रेरणा व स्वरूप' या निबंधात आरंभीच्या तीन कादंबऱ्यांवरून मराठी कादंबरीच्या तीन प्रवृत्ती मांडल्या, हे आपल्या सर्वांना ठाऊक आहे. 'टीकास्वयंवर' (१९९०) आल्यापासून ही मांडणी वर्गावर्गांत पोचली. आयुष्याला थेट भिडणारी पहिली, रंजनाकडे झुकणारी दुसरी आणि इतिहासाच्या आधाराने या दोहोंमधून वाट काढणारी तिसरी, अशा शब्दांत आम्ही ती सांगत आलो. मांडणी नेमाडे यांनी मूळ पुस्तके वाचून केली आहे. आम्ही मात्र मूळ पुस्तके न वाचता मांडणी शिकवली आणि विद्यार्थ्यांनी मांडणीचा आमचा सारांश पाठ केला. तीन हात पुढे गेलेली ही नक्कल होती. तिन्ही कादंबऱ्या लागोपाठ वाचल्यावर मांडणीचे बळही अधिक कळले आणि तिच्या कडा फळ्यावर आखतो तितक्या सरळ नाहीत हेही कळले. 'यमुनापर्यटन'मध्येही योगायोग भरपूर आहेत. 'मुक्तामाला'तील सद्गुणी नायिकेवर कोसळणारी संकटे, खलपुरुषाची कारस्थाने, ताटातूट आणि पुनर्भेट हे सारे ठरावीक खरे. पण एकटी पडलेली स्त्री कोणाकोणाच्या तावडीत सापडू शकते, ही भीती तिच्याही तळाशी आहे. आणि 'मोचनगड' वाचताना नजर खिळून राहिली ती इतिहासप्रसिद्ध व्यक्तींपेक्षा काल्पनिक माणसांवर आणि त्यांच्या बोलण्यावर. पुढच्या शतकात ऐतिहासिक कादंबरी म्हणून जे रूढ झाले, त्याची ही पूर्वज आहे असे म्हणताना जीभ थोडी अडखळते.

सर्वांत जास्त चर्चा झाली ती एका प्रस्तावनेवर. 'मंजुघोषा'च्या प्रस्तावनेत रिसबूड म्हणतात, त्याचा आशय असा : आपल्याकडील विवाहाच्या रीतीमुळे आणि इतर काही कारणांमुळे हिंदू लोकांच्या आयुष्यात मनोरंजक असे गुणही सापडत नाहीत आणि दोषही, रोजच्या जगण्यातले लिहावे तर त्यात गोडी नाही, म्हणून कादंबरीकाराला अद्भुताकडे वळावे लागते. ही प्रस्तावना अनेकांनी उद्धृत केली आहे आणि आम्हीही तिचा उल्लेख करत असू. पण 'यमुनापर्यटन' नुकतेच संपवून तिच्याकडे आलो तेव्हा ती निराळी लागली. १८६८ साली एक लेखक म्हणतो की आपल्या विवाहाच्या चालीत कादंबरीला विषय नाही. त्याआधी अकरा वर्षे याच भाषेत, नेमक्या त्याच विवाहाच्या चालींवर एक अख्खी कादंबरी लिहून झालेली आहे. ज्या कारणाने एकाला विषय सापडत नाही, त्याच कारणात दुसऱ्याला विषयच विषय दिसतो. एकाच शतकातले, एकाच भाषेतले दोन लेखक एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर नाहीत, हे पाहून आमच्या अपराधाची बोच थोडी कमी झाली; पण प्रश्न अधिक गंभीर झाला.

कारण पुढची कडी हरिभाऊंची आहे. १८९० साली 'करमणूक'मधून 'पण लक्षात कोण घेतो?' येऊ लागली. तिच्या नायिकेचे नाव यमू, म्हणजे यमुनाच. तीही विधवा होते, तिच्यापुढेही केशवपन येते. तेहतीस वर्षांच्या अंतराने दोन यमुना. पहिली ऐकते आणि बाहेर पडते. दुसरी आपली कहाणी स्वतः सांगते, आणि तिला बाहेर पडायला वाट नाही. तिचे केशवपन होते आणि अखेर मृत्यू येतो. पहिलीला वाट आहे ती धर्म बदलण्याच्या अटीवर. दुसरीच्या लेखकाला ती अट मान्य नाही, आणि दुसरी वाटही प्रामाणिकपणे दाखवता येत नाही. पहिलीविषयी आम्ही 'प्रचार' म्हणत आलो आणि दुसरीविषयी 'कला'. दोन्ही शेजारी ठेवून वाचल्यावर या शब्दांचा उपयोग संपतो आणि विचारायला खरा प्रश्न उरतो : १८५७ पासून १८९० पर्यंत मराठी कादंबरीला घरात राहून विधवेसाठी शेवट का सापडला नाही? दोन्ही पुस्तके शिकवणाऱ्या आमच्या मनात हा प्रश्न इतकी वर्षे आला नव्हता.

५

संकल्पाच्या जमाखर्चाविषयी आता सांगायला हवे.

बारापैकी नऊ पुस्तके झाली. 'निबंधमाले'चे चौऱ्याऐंशी अंक आहेत. आम्ही निम्म्यावर अडलो. 'मुंबईचे वर्णन' परीक्षांच्या हंगामात मागे पडले. 'रंगराव'ची वाचण्याजोगी प्रत वर्षभरात मिळाली नाही. एका ग्रंथालयात सूचीत नोंद होती. कपाटात पुस्तक नव्हते. जीर्ण म्हणून निर्लेखित केले असावे, असे तेथील सेवकाने सांगितले. कोणत्या साली, ते कोणालाच सांगता आले नाही. एकोणिसाव्या शतकातील अनेक पुस्तके या एका क्रियापदातून नाहीशी झाली आहेत. ज्यांना वाचक नाही ती पुस्तके निर्लेखित होतात, आणि निर्लेखित झाल्यावर वाचक मिळण्याची शक्यता संपते. जी पुस्तके आपण शिकवतो पण वाचत नाही, ती ग्रंथपालाच्या दृष्टीने न वाचलेलीच असतात. शिक्के न उमटलेल्या त्या चिठ्ठीला आम्ही काही अंशी जबाबदार आहोत, हे ध्यानात आल्यावर संकल्प हा घरगुती खेळ राहिला नाही.

पहिल्या चार महिन्यांत आम्ही वाचले ते वाईट वाचले, हेही कबूल केले पाहिजे. वहीत तारीख घालायची घाई होती. आमच्यापैकी एकीने 'मुक्तामाला' दोन रात्रींत संपवली आणि आठवड्याने चर्चेला बसलो तेव्हा मधला अर्धा भाग तिला आठवेना. ज्या पारायणाला आम्ही तरुणपणी हसलो, तेच आम्ही करत होतो, फक्त सोवळे न नेसता. तेव्हा पद्धत बदलली. रविवारी सकाळी दोन तास एकाने मोठ्याने वाचायचे आणि दोघांनी ऐकायचे. गती निम्म्याहून कमी झाली. पण या गद्याचे रूप तेव्हा उलगडले. डोळ्यांना लांबलचक आणि गचाळ वाटणारी वाक्ये कानाला तशी लागत नाहीत. विरामचिन्हे नुकतीच आलेल्या त्या भाषेला श्वासाचे विराम अजून ठाऊक होते. वाक्य कुठे वळते हे 'आणि', 'परंतु', 'तेव्हा' यांवरून ऐकणाऱ्याला कळते. या लेखकांनी पुस्तक छापले खरे, पण घरात एकजण वाचतो आणि बाकीचे ऐकतात हे चित्र त्यांच्या समोरून गेलेले नव्हते. मूकपणे वाचणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे गद्य 'बाळबोध' ठरवले, त्यात आपल्या वाचनाच्या सवयीचाही वाटा असला पाहिजे.

ज्येष्ठ सहकाऱ्यांपैकी एकांनी आम्हांला सरळ विचारले की हा खटाटोप कशासाठी? प्रश्नपत्रिका तीच राहणार, गुण तेच मिळणार, आणि ही पुस्तके काही फार थोर नव्हेत. आक्षेपात तथ्य आहे. बारांतील चार-पाच पुस्तके पुन्हा वाचावीशी वाटणार नाहीत. 'मधली स्थिती' वाचताना हरिभाऊंच्या पुढच्या कादंबऱ्यांची आठवण पदोपदी आली, ती उणिवेने. 'शिरस्तेदार'चा लाचलुचपतीचा विषय आजही शिळा झालेला नाही, पण तेवढ्याने कादंबरी उभी राहत नाही. सुमार पुस्तक सुमार आहे हे सांगायलाही ते वाचावे लागते, एवढेच आमचे म्हणणे. दुसऱ्याचे मत आपले म्हणून सांगणे आणि वाचून त्याच मतावर येणे यांत वर्गासमोर उभे राहणाऱ्याला फरक जाणवतो. विद्यार्थ्यांनाही जाणवतो, ते बोलत नाहीत इतकेच. त्या मुलीने विचारले, म्हणून आम्हांला कळले.

अभ्यासक्रम बदलणे आमच्या हाती नाही. आम्ही एक छोटा बदल केला. कादंबरीच्या आरंभकाळाच्या पहिल्या तासाला आता फळ्यावर तीन नावे लिहीत नाही. 'यमुनापर्यटन'ची दहा पाने मोठ्याने वाचतो. तासाच्या शेवटी वर्गातील कोणीतरी पुढे काय होते ते विचारतो. आम्ही सांगत नाही. पुस्तक ग्रंथालयात आहे असे सांगतो. मागच्या सत्रात त्या चिठ्ठीवर पाच नवे शिक्के उमटले. पाच म्हणजे फार नव्हेत. पण त्या प्रतीच्या निर्लेखनाची शिफारस आता सहजासहजी कोणी करणार नाही.

'निबंधमाले'च्या त्रेचाळिसाव्या अंकापासून पुढे वाचायचे आहे. रविवारची बैठक चालू आहे. 'रंगराव'ची प्रत कोणाच्या संग्रही असल्यास आम्ही ती बसून वाचून, जपून परत करू.